सपाट, पातळ तळाचे रोजचे बूट: आधी रुंदी, मग तळ, शेवटी किंमत

सपाट, पातळ सोलचे बूट घेणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. महिनाभरात करंगळीवर कुरूप आलं. दोन महिन्यांत सोल पुढून सुटला. पहिल्याच आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की बूट कपाटात गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. यातलं बहुतेक सगळं विकत घेतानाच टाळता येतं. चुकतो तो क्रम. माणूस आधी किंमत बघतो, मग सोल हातात वाकवून बघतो, आणि बोटांना जागा पुरत नाही हे घरी आल्यावर कळतं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

अशा बुटांना मिनिमलिस्ट किंवा बेअरफूट शूज म्हणतात. त्यांच्यात चार गोष्टी बघायच्या. टाच आणि चवडा एकाच उंचीवर हवा (नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच साधारण ८ ते १२ मिलिमीटर वर असते). पुढचा भाग बोटांच्या आकाराचा हवा, निमुळता नको. सोल चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे. आणि आत कमानीखाली उंचवटा नको. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. सोल किती पातळ, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि त्यात भरपूर मोकळीक आहे.

## टप्पा १: हे बूट आत्ता घ्यावेत का, ते ठरवा

मधुमेह असेल आणि तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातळ सोल घेऊ नका. पातळ सोलचा सगळा फायदा पायाला जमीन कळण्यात आहे. ज्या पायाला काटा टोचलेला कळत नाही, त्याला तो फायदा मिळत नाही, जखम मात्र मिळू शकते.

सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच ठणकत असेल, घोट्यामागची शीर दुखत असेल किंवा पावलातलं हाड पूर्वी मोडलं असेल, तरी आधी सल्ला घ्या. बांधकामाची साइट, वर्कशॉप, बाभळीच्या काट्यांची शेतवाट या ठिकाणी हे बूट घालू नका. तिथे जाड सोल आणि पुढून कडक बूटच हवा.

## टप्पा २: पाय संध्याकाळी, उभं राहून मोजा

दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी घ्या. बुटात जे मोजे घालणार तेच पायात असू द्या.

कोरा कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन्सिल अगदी सरळ धरून पावलाची कड दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा. स्वतः वाकून काढली की भार बदलतो आणि आकृती चुकते. दोन्ही पावलं काढा. टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वात जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पायांत जो मोठा, त्याचंच माप खरं धरा.

मिलिमीटरचा आग्रह यासाठी, की नंबरवर विसंबता येत नाही. आपल्याकडे बहुतेक बुटांवर यूकेचा नंबर असतो आणि त्यात एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. युरोपीय नंबरात तो सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. एका कंपनीचा आठ दुसरीच्या आठशी जुळेलच असं नाही. शिवाय नंबर फक्त लांबी सांगतो, रुंदीबद्दल काहीच सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धतीही सुचवली गेली आहे. ती दुकानांत रुळेपर्यंत तिथला बूट बऱ्याचदा परदेशी साच्यावरचाच असतो. रुंद पायाची माणसं त्यात एक नंबर मोठा घेऊन भागवतात, आणि पाय आत पुढेमागे सरकत राहतो.

आता ती आकृती कात्रीने नीट कापून घ्या. हे कागदी पाऊल घडी न करता पिशवीत ठेवा. पुढच्या टप्प्यांत ते लागणार आहे.

तपासा: कागदावर लांबी, रुंदी, कोणता पाय आणि तारीख लिहिली का? घरातल्या चार जणांची पावलं एकत्र ठेवली की गोंधळ ठरलेला.

## टप्पा ३: कुठे घालणार, त्यावरून प्रकार ठरवा

सगळीकडे चालेल असा एकच सपाट बूट स्वस्तात मिळत नाही. दिवसातला सर्वात जास्त वेळ जिथे जातो, त्या जागेसाठी घ्या.

कॅनव्हासचे पीटी शूज. शाळेच्या गणवेशातले पांढरे, किंवा तसेच काळे-तपकिरी. साधारण ३०० ते ७०० रुपये. तळ रबरी आणि बऱ्यापैकी सपाट असतो, कापड पायाप्रमाणे सैलावतं. कोरड्या ऋतूत चालायला, बाजारहाटाला, लोकलच्या प्रवासाला चांगले. मुख्य उणीव पुढच्या रुंदीची, म्हणून कागदी पाऊल न लावता घेऊ नका. पावसात निरुपयोगी, भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

कबड्डी आणि कुस्तीचे बूट. खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. निव्हियासारख्या भारतीय कंपन्या कबड्डीचे बूट बनवतात. सोल पातळ, पकड उत्तम, वजन कमी. पण हा सोल मॅटसाठी बनवलेला असतो, डांबरी रस्त्यावर मऊ रबर भराभर झिजतं. व्यायामशाळा, ऑफिसच्या आत, घरात दिवसभर उभं राहायचं काम, यांना हे योग्य. रोज तीन किलोमीटर रस्त्याने चालणाऱ्याने यांच्या वाटेला जाऊ नये.

खास बेअरफूट म्हणून विकले जाणारे. भारतीय बनावटीचे साधारण २००० ते ५००० रुपयांना मिळतात. परदेशी त्याच्या कितीतरी पट. पैसे जातात ते मुख्यतः रुंद साच्याचे. पाय खरोखर रुंद असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं असेल, तर हा खर्च योग्य आहे. अरुंद किंवा मध्यम पायाला स्वस्तातही चांगला पर्याय सापडतो.

मागे पट्टा असलेल्या सपाट सँडल. जून ते सप्टेंबरसाठी माझी पहिली पसंती याच प्रकाराला आहे. बोटं मोकळी राहतात आणि पाणी निघून जातं. मागे पट्टा मात्र हवाच. हवाई चप्पल सपाट असली तरी ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात, त्यामुळे लांब चालायला ती चालणार नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना उघडी सँडलही नको, विशेषतः पायाला भेगा किंवा जखम असेल तर; लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग असाच होतो. त्या दिवसांना गमबूटच.

कोल्हापुरी. कातडी तळ, बोटं मोकळी. घेताना टाचेखाली जोडलेले थर बघा. पुष्कळ जोड्यांमध्ये टाच बोटभर उंच असते. सपाट मागितली तर मिळते. ओल्या रस्त्यावर नको.

सावधान: ‘फ्लॅट’ आणि ‘मिनिमलिस्ट’ यांत गल्लत करू नका. मुलींच्या बेली, मोजडी, टोकदार लोफर हे सगळे सपाट असतात, पण पुढून बोटं चेंगरतात. त्यांत अंगठा शेजारच्या बोटाकडे वळत राहतो आणि हे नुकसान हळूहळू होत असल्यामुळे लवकर लक्षात येत नाही.

## टप्पा ४: दुकानातल्या तपासण्या, याच क्रमाने

दुकानातही संध्याकाळीच जा. पुढच्या चार तपासण्यांत एक जरी फसली तरी बूट बाजूला ठेवा आणि पुढची करण्यात वेळ घालवू नका.

१. आतला सोल काढून त्यावर उभे राहा. बहुतेक बुटांचा इनसोल उचलून बाहेर येतो. तो फरशीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या कडेला लावा आणि पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर जात असेल, तर त्या बुटात तो रोज चेंगरणार. कापड सैलावेल असं विक्रेता सांगेल. कापड सैलावतं, सोल सैलावत नाही. लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. इनसोल चिकटवलेला असेल, तर कागदी पाऊल बुटात सरकवा आणि हाताने चाचपा. त्याच्या कडा वर वळल्या, तर बूट अरुंद आहे.

एवढी एक तपासणी जमली तरी निम्मं काम झालं. ऑनलाइन मागवतानाही हीच करायची: मोजमापाच्या तक्त्यात दिलेली लांबी पायाची आहे की इनसोलची, ते आधी वाचा, परत घेण्याची सोय असलेलाच बूट मागवा, आणि आल्यावर स्वच्छ फरशीवरच घालून बघा. लेबलं तोडू नका.

२. लपलेली टाच शोधा. कॅनव्हासच्या बुटांना कडेने जी रबरी पट्टी असते, तिच्यामुळे बूट बाहेरून सपाट दिसतो, पण आत टाचेखाली फोमचा पाचर असू शकतो. बोटं बुटाच्या आत टाचेच्या जागी आणि अंगठा बाहेरून खाली ठेवून जाडी चिमटीत पकडा. मग तसंच चवड्याच्या जागी. दोन-तीन मिलिमीटरचा फरक हाताला जेमतेम जाणवतो आणि पायाला चालतो. आठ मिलिमीटरचा फरक चिमटीत लगेच कळतो. पाचर इनसोललाच चिकटलेला असेल तर तो इनसोल काढून सपाट घालता येतो. तेवढ्यासाठी बूट नाकारू नका. सोलमध्येच असेल तर नाकारा.

३. टेबलावर ठेवून पुढचं टोक बघा. बुटाचं नाक जमिनीपासून खूप वर उचललेलं असेल, तर बोटं दिवसभर वर वळलेली राहतात. थोडासा उचल चालतो, त्याखाली दोन बोटं आडवी जात असतील तर जास्त झाला.

४. वाकवा आणि पिळा. एका हातात टाच धरून नाक टेबलावर दाबा. घडी चवड्याच्या जागी पडली पाहिजे. बूट मधूनच मोडतो आणि चवड्यापाशी ताठ राहतो, असं झालं तर नको. नंतर ओला कपडा पिळतो तसा हलका पीळ द्या. थोडा तरी वळला पाहिजे.

यानंतर दोन्ही पायांत घालून दुकानात चाला, चवड्यावर उभे राहा, बोटं आतल्या आत पसरून बघा. टाच मागे सुटत असेल तर लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवून बांधा. नाकापाशी किंचित घट्ट वाटत असेल तर लेस पहिल्या जोडीच्या भोकांतून काढून दुसऱ्या जोडीपासून सुरू करा, पुढे लगेच मोकळं होतं. पण ही युक्ती इनसोलच्या तपासणीत पास झालेल्या बुटासाठीच आहे.

तपासा: मोजे स्वतःच बोटं आवळत नाहीत ना? नायलॉनच्या घट्ट मोज्यांत रुंद बूटही अरुंद होतो.

## टप्पा ५: टिकेल का, ते बघा

बूट पायाला बसला, तरच हा टप्पा.

तळाचं साहित्य आधी बघा. अस्सल रबर जड असतं, नखाने दाबलं तर दबून पुन्हा वर येतं; रस्त्यावर सर्वात जास्त तेच टिकतं. ईव्हीए फोम पिसासारखा हलका लागतो, पण खाली रबराचा थर नसेल तर चवड्याखाली लवकर दबतो आणि झिजतो. पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा सोल गुळगुळीत, थंडीत कडक होणारा. ओल्या शहाबादी फरशीवर तो घसरतो. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल वापरात चांगला, पण न वापरता दमट हवेत काही वर्षं पडून राहिला तर भुगा होऊन सुटतो. म्हणून सेलमधला जुना पीयू सोलचा बूट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. बनवल्याचा महिना-वर्ष खोक्यावर छापलेलं असतं, ते वाचा.

दुसरं, सोल कसा जोडला आहे. वाकवल्यावर चवड्याच्या दोन्ही कडांना फट दिसते का? डिंकाचे ओघळ दिसतात का? पातळ सोल जास्त वाकतो, त्यामुळे जोडावर ताणही जास्त येतो आणि सुटायला सुरुवात तिथूनच होते. कडेने शिवण असेल तर उत्तम. नसेल, पण कडेला रबराची पुरेशी उंची असेल, तर नवा असतानाच ओळखीच्या मोच्याकडून शिवण मारून घ्या. सोल सुटल्यावर शिवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं टिकतं.

तिसरं, इनसोलखाली काय आहे. तपकिरी पुठ्ठा दिसला, तर पावसात तो फुगेल आणि तुटेल. शिवलेलं कापड दिसलं, तर घ्या.

आणि गिअरची गाडी चालवत असाल, तर डाव्या बुटाचं नाक बघा. गिअरच्या दांडीने अंगठ्यावरचं कापड घासून काही महिन्यांत भोक पडतं. नाकावर रबराची टोपी असलेला बूट घ्या, नाहीतर दांडीवर रबर चढवून घ्या.

सोलची जाडी आता ठरवा. आपल्या रस्त्यांवर खडी, फुटक्या फरश्या आणि काचा असतात. त्यात उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडचं डांबर दुपारी पातळ सोलमधून पायाला चटके देतं. पहिल्या जोडीसाठी इनसोल धरून ८ ते १२ मिलिमीटर जाडी मला योग्य वाटते. चार-पाच मिलिमीटरचे सोल पाय तयार झाल्यावर बघा.

## टप्पा ६: किंमत महिन्यावर मोजा

६०० रुपयांचा बूट चार महिने टिकला, तर महिना १५० पडले. ३००० रुपयांचा दीड वर्ष टिकला, तर महिना सुमारे १६७. म्हणजे महाग बूट टिकतो म्हणून स्वस्त पडतो, हे प्रत्येक वेळी खरं नसतं. जास्त पैसे रुंदीसाठी मोजा, नुसत्या टिकाऊपणाच्या आश्वासनासाठी नको. पहिली जोडी स्वस्तच घ्या, कारण आपल्याला काय हवं हे दोन-तीन महिने वापरल्यावरच नीट कळतं.

## टप्पा ७: सवय हळूहळू लावा

इथे घाई सर्वात महागात पडते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंना दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने पातळ सोलच्या बुटांकडे वळवलं. तरीही त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पावलातल्या हाडांत सूज वाढल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. ते लोक धावत होते, आपण चालणार आहोत, तरी हाडांना वेळ लागतोच.

पहिले दोन आठवडे रोज तासभर, घरात किंवा ऑफिसात. पुढचे दोन आठवडे दोन-तीन तास, जवळच्या बाजारापर्यंत. दुसऱ्या महिन्यात अर्धा दिवस. बाकी वेळ जुने बूट वापरा. एरवी सपाट चपलांतच वावरणाऱ्यांना हे लवकर जमतं, वर्षानुवर्षं जाड टाचेचे बूट घालणाऱ्यांना उशिरा. धावणं आणि गडावर जाणं यांना तीन महिने तरी हात लावू नका. चालताना पाऊल जरा आखूड टाका. लांब ढांग टाकली की टाच जमिनीवर आपटते आणि खाली ती झेलायला फोम नसतो.

थांबा, जर: पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल, सूज दिसत असेल, किंवा सकाळी टाच ठणकू लागली असेल. दोन्ही पोटऱ्या सारख्या जड वाटणं वेगळं, ते दोन दिवसांत ओसरतं. एका जागचं दुखणं अंगावर काढू नका.

## टप्पा ८: जपणूक आणि दुरुस्ती

लागोपाठ दोन दिवस तीच जोडी घालू नका. घाम वाळायला दिवस लागतो. भिजलेल्या बुटाचा इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला, आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गिझरवर ठेवले की डिंक सैल होतो. कॅनव्हास ब्रशने धुवा, मशीनमध्ये टाकू नका.

आठवड्यातून एकदा सोल उलटा करून बघा. अडकलेली काच किंवा खिळा पातळ सोलमधून आत यायला वेळ लागत नाही. कडेला फट दिसली की त्याच आठवड्यात चिकटवून शिवून घ्या. आत धूळ गेली की डिंक धरत नाही.

चवड्याखालची नक्षी पुसली गेली आणि बाहेरून अंगठ्याने दाबल्यावर आत फुगवटा येऊ लागला, की तो सोल संपला. वरचा भाग शाबूत असेल तर मोच्याकडे नवा रबरी तळ लावून मिळतो. त्या वेळी स्पष्ट सांगा, की टाचेपासून नाकापर्यंत एकाच जाडीचा अखंड तुकडा लावा. सांगितलं नाही, तर सवयीने फक्त टाचेला जाड तुकडा बसतो, आणि सपाट म्हणून घेतलेल्या बुटाला टाच फुटते.